आत्मघोष आणि अपकालयितव्य : 'कावळा' या नावाचा इतिहास

यास्काच्या 'निरुक्ता'च्या तिसऱ्या अध्यायात उपमेची चर्चा आहे. ज्या उपमांमध्ये 'सारखा' हा अर्थ दाखविणारा शब्द लोप पावलेला असतो, अशा लुप्तोपमांकडे यास्क वळतो आणि त्यांची दोन टोके सांगतो. एखाद्याला सिंह किंवा वाघ म्हटले की तो गौरव होतो. कुत्रा किंवा कावळा म्हटले की ती निंदा होते. एवढे सांगून तो पुढे जाईल अशी वाचकाची अपेक्षा असते. परंतु 'काक' या शब्दापाशी तो थबकतो आणि विषयांतर करून सांगतो की, हे नाव ध्वनीचे अनुकरण आहे आणि पक्ष्यांच्या नावांत हा प्रकार पुष्कळ आढळतो. त्यापाठोपाठ औपमन्यव नावाच्या आचार्याचे विरोधी मत येते. ध्वनीचे अनुकरण असे काही नसतेच, असे औपमन्यव म्हणतो. काक म्हणजे 'अपकालयितव्य', हाकलून देण्याजोगा. यास्क या वादाचा निवाडा देत नाही. तित्तिर, कपिंजल अशी नावे घेत तो पुढे निघून जातो.

निरुक्ताच्या अभ्यासकांनी या चार ओळींचा उपयोग बहुधा एकाच कामासाठी केला आहे. भाषेच्या उगमाविषयीचा अनुकरणवाद आपल्याकडे किती प्राचीन आहे, याचा दाखला म्हणून त्या उद्धृत होतात. तो दाखला खोटा नाही. तथापि हा वाद ज्या ठिकाणी उपस्थित झाला ते ठिकाण पाहिले जात नाही. कावळा निरुक्तात पक्षी म्हणून प्रवेश करीत नाही, तो शिवी म्हणून प्रवेश करतो. 'अमुक मनुष्य कावळा आहे' असे म्हटल्याने निंदा का होते, हा तेथला मूळ प्रश्न आहे, आणि नावाची व्युत्पत्ती त्या प्रश्नाच्या पोटात आलेली आहे. यास्काचे उत्तर मानले तर निंदा पक्ष्याच्या नावात नाही, बोलणाऱ्याच्या मनात आहे. नाव म्हणजे केवळ त्या पक्ष्याचा आवाज. औपमन्यवाचे उत्तर मानले तर निंदा नावाच्या अंगातच मुरलेली आहे. एका उत्तरात नाव नामधारकाकडून येते, दुसऱ्यात ते नाव ठेवणाऱ्याकडून येते. 'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' या दोन मराठी वाक्प्रचारांत एका मात्रेचेच अंतर आहे, हे येथे सहज आठवते.

औपमन्यवाची व्युत्पत्ती आज आपल्याला हास्यास्पद वाटते. काक या दोन अक्षरांतून 'हाकलण्याजोगा' हा अर्थ काढणे ही ओढाताण आहे, यात शंका नाही. परंतु त्याच्या हट्टामागे एक सुसंगत भूमिका आहे. सर्व नामे धातूंपासून, म्हणजे क्रियावाचक मुळांपासून निघालेली आहेत, असा शाकटायनाचा आणि निरुक्तकारांचा सिद्धान्त. सगळीच नामे तशी नाहीत, असा गार्ग्याचा आणि काही वैयाकरणांचा आक्षेप. या वादात यास्क शाकटायनाच्या बाजूचा. असे असताना 'काक हे आवाजाचे अनुकरण' असे कबूल करणे म्हणजे आपल्याच तटबंदीला भगदाड पाडणे होय. ज्या नामाला धातू नाही, क्रिया नाही, केवळ ऐकू आलेला आवाज आहे, असे एक नाम मान्य केले की शेकडो मान्य करावी लागतील. औपमन्यवाने हे ओळखले आणि तो आपल्या मताला चिकटून राहिला. पुढे तित्तिराची व्युत्पत्ती येते, ती उड्या मारीत जाण्यावरून किंवा अंगावरच्या तिळाएवढ्या ठिपक्यांवरून. वस्तुतः त्या पक्ष्याचे नाव त्याच्या आवाजावरून पडले हे कोणत्याही शेतकऱ्याने सांगितले असते. ही व्युत्पत्ती यास्काची स्वतःची समजावी की औपमन्यवाच्याच मताचा विस्तार समजावा, हे वाक्यरचनेवरून ठरत नाही. कसेही असले तरी उघडलेले दार पुन्हा लोटले गेले, एवढे खरे.

नंतरच्या व्याकरणपरंपरेने तडजोड काढली. उणादि सूत्रांत 'काक' हा शब्द 'कै' या धातूपासून साधलेला आहे, आणि त्या धातूचा अर्थ 'शब्द करणे' असा आहे. म्हणजे आवाजालाच धातूची वस्त्रे नेसवून शास्त्रात बसविले. सिद्धान्तही राहिला आणि कावळाही राहिला.

आधुनिक भाषाविज्ञानात हा प्रश्न सोस्यूरमुळे नव्याने उभा राहिला. १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या व्याख्यानांत चिन्हाच्या यादृच्छिकतेचे तत्त्व मांडताना ध्वन्यनुकारी शब्दांची अडचण त्याने स्वतःच पुढे आणली आणि ती दोन प्रकारे दूर केली. एक तर असे शब्द संख्येने थोडे असतात. आणि दुसरे म्हणजे भाषेत शिरल्यावर त्यांनाही इतर शब्दांप्रमाणेच ध्वनिपरिवर्तनाचे नियम लागू होतात आणि त्यांचे अनुकरणत्व झिजून जाते. त्याचे उदाहरण पक्ष्याचेच आहे. लॅटिनमधील 'पीपिओ' हा चिवचिवाटाचा शब्द फ्रेंचमध्ये 'पिजाँ' झाला, आणि कबुतराच्या या नावात आता कोणाला चिवचिव ऐकू येत नाही.

सोस्यूरचे हे उदाहरण बिनतोड आहे. मात्र त्याच कसोटीला 'काक' लावून पाहिला तर निकाल वेगळा लागतो. संस्कृतातील दोन स्वरांमधला 'क' प्राकृतात एक तर मृदू होऊन 'ग' होतो किंवा पार लोपतो. हा नियम कावळ्यासाठी शिथिल झाला नाही. हिंदीतील 'काग', गुजरातीतील 'कागडो' ही पहिल्या वाटेची रूपे. हिंदीतील 'कौआ' आणि मराठीतील 'कावळा' ही दुसऱ्या वाटेची. मराठीत 'काक'चा 'काअ', त्याचा 'काउ' किंवा 'काव', आणि त्याला स्वार्थी 'ळ' प्रत्यय लागून 'कावळा' असा क्रम दिसतो. मधले व्यंजन गेले, प्रत्यय चिकटला, अनुकरण पुसले जाण्यासाठी जे जे घडावे लागते ते सर्व घडले. आणि तरीही 'काव' हा आवाज कावळ्याचाच राहिला. किंबहुना 'काक'पेक्षा 'काव' हे अनुकरण अधिक हुबेहूब वाटावे, अशी स्थिती आहे. याचे कारण उघड आहे. कबुतराचे पिल्लू फ्रेंच घरात रोज कानाशी बसून शब्दाची दुरुस्ती करीत नाही, कावळा करतो. तो खिडकीत, कौलावर, अंगणात हजर असतो. शब्द ध्वनिनियमांनी जितका सरकला तितके आपले कानही त्याच्या मागोमाग सरकले आणि नव्या रूपात तोच आवाज ऐकू लागले. अनुकरण हे शब्दाच्या जन्माच्या वेळी एकदाच घडून संपणारे कृत्य नसून बोलणाऱ्यांकडून पुन्हा पुन्हा होणारे नूतनीकरण आहे, हे सोस्यूरच्या विवेचनातून निसटले असे म्हणावे लागते.

दक्षिणेकडे पाहिले तर तमिळमध्ये 'काक्कै', मल्याळममध्ये 'काक्क', तेलुगूत 'काकि', कन्नडमध्ये 'कागे' अशी नावे आहेत. यांवरून कोणी कोणाकडून शब्द घेतला असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो आवरावा. जेथे पक्षी स्वतःच सगळ्यांना एकच शब्द शिकवीत फिरतो, तेथे साम्य हा उसनवारीचा पुरावा होऊ शकत नाही. 'कोकिल' या शब्दाचे प्राकृतात 'कोइल' झाले आणि हिंदीत 'कोयल' राहिले. मराठीने मात्र तिला संस्कृतचा पोशाख परत चढवून 'कोकिळा' केले. कावळ्याला हा मान मिळाला नाही, ही गोष्ट भाषेतील प्रतिष्ठेच्या उतरंडीबद्दल बरेच सांगून जाते.

मराठीतील 'काऊ' या शब्दाची गंमत याहून वेगळी आहे. आज तो शब्द लहान मुलांच्या तोंडचा समजला जातो. 'चिऊ', 'माऊ', 'हम्मा', 'भूभू' यांच्या पंक्तीत तो बसतो, आणि भरवताना एक घास त्याच्या नावाने काढला जातो. परंतु ज्ञानदेवांच्या नावावर असलेल्या प्रसिद्ध विराणीत कावळ्यासाठी हाच शब्द आहे, आणि तेथे बोलणारी व्यक्ती मूल नव्हे. प्रियाच्या आगमनाची वाट पाहणारी विरहिणी त्या पक्ष्याच्या ओरडण्यातून शकुन वाचते आणि त्याला नाना आमिषे दाखविते. 'काऊ' हे अपभ्रंशातील उकारान्त प्रथमेचे सरळ रूप आहे. त्यात बालिशपणा काही नाही. मोठ्यांच्या भाषेने पुढे 'ळा'कारान्त रूप पत्करले आणि जुने रूप पाळण्याशी ठेवून दिले. निदान एक शक्यता अशी दिसते. दुसरी अशी की, मूल दर पिढीत कावळ्याचा आवाज ऐकून हा शब्द नव्याने घडविते आणि त्याचा अपभ्रंशाशी काही संबंध नाही. या दोन शक्यतांत निवड करण्याचे कोणतेही साधन ऐतिहासिक भाषाशास्त्रापाशी नाही, आणि मला वाटते की यास्काच्या बाजूने देता येईल असा याहून चांगला पुरावा नाही. 'चिमणी' हे मोठ्यांचे नाव तिच्या लहानपणावरून आलेले दिसते, कारण 'चिमणा' म्हणजे छोटा; तिचा आवाज फक्त मुलांच्या 'चिऊ'त उरला. कावळ्याचा आवाज मात्र मोठ्यांच्या नावातही टिकला.

आता कोशांकडे वळू. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील १६४ व्या सूक्तात 'वायस' हा शब्द आला आहे. तो तेथे कावळ्याला लावलेला नाही. दिव्य, विशाल, सुंदर पंखांच्या पक्ष्याचे ते विशेषण आहे. 'वयस्' म्हणजे पक्षी, त्यावरून वायस. पुढे या शब्दाचा अर्थ आकसत गेला आणि अभिजात संस्कृतात वायस म्हणजे फक्त कावळा उरला. अर्थसंकोचाची अशी उदाहरणे भाषेत विपुल आहेत. मृग म्हणजे कोणताही वन्य पशू, तो पुढे हरणापुरता उरला. पण येथे जो आकसला तो स्वर्गातून उकिरड्यावर आला, हे वेगळेच.

अमरकोशात कावळ्याची जी नावे दिली आहेत ती एका दृष्टीने औपमन्यवाचा विजय आहे. जवळजवळ प्रत्येक नाव म्हणजे कोणीतरी लांबून केलेली नोंद आहे. बलीवर पोसला जाणारा तो बलिपुष्ट, बली खाणारा तो बलिभुज्. एकदाच प्रसवणारा अशा समजुतीने सकृत्प्रज. अशुभसूचक म्हणून अरिष्ट. दीर्घायुषी म्हणून चिरंजीवी. 'एकदृष्टि' या नावाला सुंदरकांडातील कथेची जोड आहे. सीतेला टोचणाऱ्या कावळ्याने रामाच्या दर्भास्त्रापुढे एक डोळा गमावला, ही ती खूण सीतेने हनुमानाजवळ सांगितली. नावापायी कथा आली की कथेपायी नाव, हे ठरविणे कठीण. आपल्या परंपरेत व्युत्पत्ती आणि पुराण यांची सीमारेषा नेहमीच पुसट राहिली आहे. 'परभृत्' हे आणखी एक नाव. दुसऱ्याला पोसणारा तो परभृत्, म्हणजे कावळा. दुसऱ्याने पोसलेला तो परभृत, म्हणजे कोकिळ. संस्कृत काव्यात परभृत या शब्दाला वसंताचा सुगंध आहे आणि परभृत् कोशाबाहेर फारसा भेटत नाही. श्रम कोणाचे आणि कौतुक कोणाचे, याचा हिशेब एका हलन्त चिन्हावर ठरला आहे.

आणि या सगळ्या यादीत एक नाव असे आहे की ते सगळ्यांना छेद देते : आत्मघोष. स्वतःच्याच नावाचा घोष करणारा. अमरसिंहाने, किंवा त्याच्या आधीच्या ज्या कोणी हा शब्द घडविला त्याने, यास्काचे मत एका सामासिक पदात बसविले आहे. इतर नावे कावळ्याविषयी सांगतात. हे नाव एवढेच सांगते की कावळा आपले नाव स्वतः सांगतो. येथे नाव आणि नाम घेणारा यांत मध्यस्थ उरत नाही.

या नावांच्या पलीकडे, शास्त्रकारांच्या हाती हा शब्द पडला तेव्हा त्याचे काय झाले, हे पाहणे अधिक उद्बोधक आहे. पाणिनीने समासप्रकरणात कावळ्यासाठी एक स्वतंत्र सूत्र खर्ची घातले (२.१.४२). निंदा अभिप्रेत असताना सप्तम्यन्त पदाचा 'ध्वांक्ष' म्हणजे कावळा या अर्थाच्या शब्दाशी समास होतो, असे ते सांगते. 'तीर्थकाक' हे त्याचे उदाहरण. पतंजली स्पष्ट करतो की, तीर्थावर कावळे जसे फार वेळ टिकत नाहीत, तसा जो विद्यार्थी गुरुगृही जाऊन तेथे टिकत नाही तो तीर्थकाक. (आजच्या विद्यापीठांत हा शब्द पुनरुज्जीवित करण्यास हरकत नसावी.) निंदा ही कावळ्याच्या बाबतीत लक्षणेने येणारी छटा राहिली नाही, ती व्याकरणाच्या नियमाचे निमित्त झाली.

'काकतालीय' हा दुसरा शब्द. कावळ्याचे येणे आणि ताडाचे फळ पडणे यांची अकल्पित गाठ पडते. काशिकेसारख्या वृत्तीत त्या फळाखाली कावळा मरतो, आणि तसाच देवदत्त चोरांच्या हाती सापडून मरतो. येथे कावळा योगायोगाचा बळी आहे. मराठीत याच कल्पनेची म्हण कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडल्याचे सांगते. दृष्टान्त तोच, पण कावळ्याची भूमिका पालटली. मराठीत तो आरोपी आहे. फांदी त्याने मोडली नाही असे म्हण सांगते खरे, पण त्याची निर्दोष सुटका करण्यासाठी आधी त्याच्यावर संशय घ्यावा लागला.

सर्वांत महत्त्वाचे उदाहरण दह्याचे आहे. शब्दशक्तीच्या विचारात लक्षणेचा एक विशिष्ट प्रकार समजावून देताना मीमांसक, वैयाकरण आणि साहित्यशास्त्रज्ञ पिढ्यान्पिढ्या एकच वाक्य वापरीत आले : कावळ्यांपासून दही राखावे. भर्तृहरीने 'वाक्यपदीया'च्या दुसऱ्या कांडात दह्याऐवजी तूप घेतले आहे आणि म्हटले आहे की, लहान मुलाला जरी असे बजावले तरी कुत्री वगैरे आली असता ते गप्प बसत नाही, कारण वाक्याचे तात्पर्य नासधूस टाळण्यात आहे. वाक्यात शब्द आहे कावळा, अर्थ आहे दह्याची नासाडी करणारे जे जे कोणी, ते. मांजर, कुत्रा, माकड, सगळे त्यात येतात. शब्द आपला अर्थ टाकीत नाही, कावळा त्यात आहेच. पण तो अर्थ पसरून इतरांना कवेत घेतो.

हे उदाहरण आपण इतक्या वेळा वाचलेले असते की त्यातील वेधक गोष्ट नजरेतून सुटते. या वाक्यात 'कावळा' या शब्दाचा जो विस्तारित अर्थ निष्पन्न होतो तो कोणता? तो आहे : हाकलून देण्याजोगा. अगदी औपमन्यवाचा शब्द. व्युत्पत्ती म्हणून जे मत टिकले नाही, ते वाक्यार्थ म्हणून शास्त्राच्या मध्यभागी येऊन बसले. ध्वनींच्या इतिहासात औपमन्यव हरला. वापराच्या इतिहासात तो जिंकला. एखाद्या नावात सुरुवातीला जे नव्हते ते समाज त्या नावाकडून करवून घेतो, आणि मग मुळात ते तसेच होते असे व्युत्पत्तीकाराला वाटू लागते. अरबीतही असेच झाले. तेथे 'गुराब' म्हणजे कावळा. परकेपण आणि परागंदा होणे या अर्थाचे 'गुर्बा'सारखे शब्द त्याच्या ध्वनीजवळचे. अरब कवींनी त्याला ताटातुटीचा पक्षी केले, आणि नवव्या शतकातील अल्-जाहिझने आपल्या प्राणिविषयक ग्रंथात या शब्दसंबंधाची चर्चा केली. औपमन्यवाचे भाऊबंद सर्वत्र आहेत.

दह्याशेजारी पतंजलीचे आणखी एक वाक्य ठेवावे. देवदत्ताचे घर कोणते, असे विचारल्यावर उत्तर मिळते : तो कावळा बसला आहे ना, ते. कावळा उडाला की खूण गेली. तात्पुरत्या खुणेला शास्त्रात उपलक्षण म्हणतात, आणि तिचे हे ठरलेले उदाहरण. दह्याच्या वाक्यात कावळा म्हणजे सगळेच. या वाक्यात कावळा म्हणजे कोणीच नव्हे, घर ओळखल्यावर त्याची गरज संपते. दोन्हीकडे त्याच्याशी कोणाला कर्तव्य नाही.

हा केवळ पक्ष्याचा प्रश्न असता तर इतका ऊहापोह करण्याचे कारण नव्हते. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात वैश्वदेवाच्या वेळी जमिनीवर अन्न ठेवण्याचा विधी आहे (३.९२). ते कोणासाठी, तर कुत्री, पतित, श्वपच, पापरोगी, कावळे आणि कृमी यांच्यासाठी. निरुक्तातील कुत्रा आणि कावळा ही निंदेची जोडी येथे पुन्हा भेटते, आणि या वेळी त्यांच्यामध्ये माणसे उभी केलेली आहेत. दह्याच्या वाक्यात जो अर्थ पसरून कुत्र्यामांजरांपर्यंत गेला, तो येथे माणसांपर्यंत गेलेला आहे. लक्षणा ही निरुपद्रवी शब्दशक्ती नव्हे.

या पसरण्याची उलट दिशाही मराठीत दिसते. मोठ्या, जाड चोचीच्या कावळ्याला अमरकोश 'द्रोणकाक' म्हणतो. आपण त्याला डोमकावळा किंवा डोंबकावळा म्हणतो. ध्वनिनियमांच्या साहाय्याने द्रोणाचा डोंब करता येत नाही. डोंब हे मसणवटीच्या कामाशी जखडलेल्या जातीचे नाव. ते पक्ष्याला चिकटविले गेले. मनूने माणसांना कावळ्यांच्या पंक्तीला बसविले आणि लोकभाषेने कावळ्याला माणसांची जात दिली. नाव कोणी द्यायचे, हा प्रश्न आपल्याकडे सभागृहातही विचारला गेला आहे. १९३८ साली मुंबई विधानसभेत स्थानिक मंडळांविषयीच्या विधेयकात 'हरिजन' हा शब्द आला, तेव्हा डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने त्यास विरोध करून सभात्याग केला. तो शब्द निंदेचा नव्हता, वरकरणी गौरवाचाच होता. आक्षेप असा होता की, ज्यांचे नाव त्यांना विचारलेले नाही. यास्काची लुप्तोपमा गौरव आणि निंदा अशी दोन टोके मानते. दोन्ही टोके नाव देणाऱ्याच्याच हातात असतात, ही गोष्ट त्या वर्गीकरणात येत नाही.

मराठी व्यवहारात तत्सम 'काक' आणि तद्भव 'कावळा' यांनी कामे वाटून घेतलेली आहेत. काकबळी, काकस्पर्श ही विधीची भाषा. काव काव, कावळ्याची नजर, कावळ्याचे घरटे ही घरची. पण दहाव्या दिवशी पिंडाभोवती उभे असलेले लोक काकस्पर्श झाला का असे विचारीत नाहीत. 'कावळा शिवला का?' असेच विचारतात. उत्तरकांडात मरुत्ताच्या यज्ञाची कथा आहे. रावणाच्या भयाने देव पक्ष्याप्राण्यांच्या रूपांत दडले, यम कावळा झाला, आणि भय टळल्यावर त्याने कावळ्याला वर दिला की तू खाल्लेस म्हणजे मृत तृप्त होतील. बलिपुष्ट आणि चिरंजीवी ही दोन्ही नावे या कथेत एकत्र येतात. एरवी हाकलला जाणारा पक्षी तेथे विनवला जातो, मृताच्या राहिलेल्या इच्छा त्याला ऐकवून वचने दिली जातात, आणि तो आलाच नाही तर दर्भाचा कावळा करून वेळ निभावली जाते.

हाच वाक्प्रचार घराच्या दुसऱ्या कोपऱ्यात स्त्रीविषयी वापरला जात असे. आई बाजूला का बसली, असे मुलाने विचारले की उत्तर मिळे, तिला कावळा शिवला. क्रियापद तेच, कर्ता तोच. पिंडाला शिवला तर सुटका, बाईला शिवला तर विटाळ. विटाळाचे खरे कारण उच्चारायचे नव्हते म्हणून त्या जागी कोणाला तरी उभे करणे भाग होते, आणि जो नेहमी दारात हजर असतो, ज्याच्यावर काहीही ढकलता येते, तो सापडला. मूल दुसऱ्या दिवशी त्याच कावळ्याला काऊ म्हणून घास देत असे. बाजूला बसण्याची प्रथा पुष्कळ घरांतून गेली आणि तिच्याबरोबर हा वाक्प्रचारही मागे पडला. पिंडाचा कावळा मात्र शहरांतही टिकून आहे.

पाश्चात्त्य प्राणिशास्त्रज्ञांनी नावे दिली ती या साऱ्या इतिहासापासून अलिप्त राहून. व्हिएयो या फ्रेंच पक्षिशास्त्रज्ञाने १८१७ साली आपल्या गावकावळ्याचे नाव ठेवले 'कॉर्व्हस स्प्लेंडेन्स', म्हणजे झळाळणारा कावळा. मानेची राखी छटा आणि पाठीवरची निळसर तकाकी त्याने पाहिली; अरिष्ट किंवा बलिभुज् त्याच्या कानी असण्याचे कारण नव्हते. मुंबई सरकारच्या सेवेत दख्खनची पाहणी करणाऱ्या कर्नल साइक्सने १८३२ साली डोमकावळ्याला 'कॉर्व्हस कल्मिनेटस' म्हटले, ते त्याच्या चोचीच्या उंच कण्यावरून. डोंब हा शब्द त्या लॅटिन नावात आलेला नाही. ही नावेही बाहेरूनच दिलेली आहेत, पण त्यांत हाकलण्याचा भाव नाही. ती कातडी आणि चोच पाहून, हातात मोजपट्टी घेऊन दिलेली आहेत. 'कॉर्व्हस' हा शब्द तेवढा लॅटिनमधला जुना, आणि त्यातील 'कॉर' हा आवाज ग्रीकांच्या 'कोराक्स'मध्ये आणि इंग्रजांच्या 'क्रो'मध्येही ऐकू येतो. औपमन्यवाला मान्य नसलेली गोष्ट प्राणिशास्त्राच्या नामावलीत अशी नकळत शिरलेली आहे.